वामनरावांना श्रद्धांजली

वामनरावांच्या मिशीला बोरी अरब गावात सगळे मान देत. त्यांनी ती काळी करेपर्यंत.

झालं असं, की ढाणकीला भाच्याचं लग्न होतं. मामा म्हणून मांडवात उभं राहायचं, तर मिशी अशी पिंजलेल्या कापसासारखी कशी चालेल, असं वामनरावांना आदल्या दिवशी वाटलं. बाजारातून रंगाची पुडी आणली, आरशासमोर मांडी घातली आणि नवरदेवानं मान खाली घालावी अशी काळीभोर मिशी करून उठले. सकाळी मिशी जागेवर होती, पण तिच्याखालच्या ओठांची भजी झाली होती. नाकापासून हनुवटीपर्यंत माणूस असा फुगलेला, की दारचं कुत्रं भुंकलं.

विमलताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांच्या तोंडावर रुमाल बांधला आणि तसंच त्यांना गाडीत घातलं. लग्न चुकवायचं नाही, हा त्यांचा नेम. मांडवाच्या कोपऱ्यात नवऱ्याला खुर्चीवर बसवलं आणि शेजारी स्वतः बसल्या. आता तोंडाला रुमाल बांधलेला मामा कोणाशी बोलेना, पाणी घेईना, जेवायला उठेना. मुलीकडच्यांना वाटलं, मामा रुसले! मग काय विचारता. आधी व्याही आले, मग व्याह्यांचे भाऊ, मग गावचे जाणते. कोणी फेटा बांधला, कोणी शाल घातली. मामा आणखीच गप्प. विमलताई आपल्या पदरानं वारा घालत एवढंच म्हणत होत्या, "मन दुखलं त्यायचं. मी काय सांगू?" शेवटी व्याह्यांनी मामीसाठी जरीकाठाचं लुगडं आणलं. ते हातात पडल्यावर विमलताईंनी नवऱ्याच्या कानात सांगितलं, "आता मान हालवा." वामनरावांनी मान हलवली आणि मांडवात टाळ्या पडल्या.

ही गोष्ट त्यांच्या नातीनं, सुरभीनं, लिहून काढली. सुरभी दारव्ह्याला कॉलेजात जाते. एका दुपारी आजी तूर पाखडत बसली होती, तेव्हा तिनं ती वाचून दाखवली. विमलताईंच्या हातातलं सूप थांबलं. मग हसता हसता त्यांना ठसका लागला. वामनराव आधी म्हणाले, "मिशीवर एवढं कायले लिवाचं?" आणि मग म्हणाले, "ते फेट्याचं पुन्हा वाच."

विमलताई दुसरीपर्यंत शिकल्या होत्या. तिसरीत मास्तरनं पट्टी उगारली, तर त्या पट्टी हिसकून घरी घेऊन आल्या. पुढची बरीच वर्षं ती चुलीतली राख ओढायला कामी आली. पण कोणतं बोलणं खरं आणि कोणतं उसनं, हे त्यांना कानानं कळायचं. नातीच्या गोष्टीतली आजी खरी बोलत होती. तिच्या तोंडी त्यांचाच तिखटपणा होता.

"पोट्टे, हे छापून आण," त्या म्हणाल्या. "पण जसं हाये तसं. माह्या तोंडातला एक शब्द इकडचा तिकडं झाला, तर मी तुले वळखत नाई."

सुरभीनं मान डोलावली. तिलाही तेच हवं होतं. आपलं नाव, आपली गोष्ट, एका खऱ्या पुस्तकात. आणि तिथंच चारुदत्त सर मध्ये आले.

चारुदत्त सर म्हणजे दारव्ह्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले मराठीचे प्राध्यापक. निवृत्त माणसाला काहीतरी लागतंच. कोणी कुत्रं पाळतो, कोणी गुडघ्यांचं दुखणं पाळतो. सरांनी होतकरू लेखक पाळले होते. संस्थेचं नाव शब्दरोपवाटिका. मुलांना ते रोपं म्हणत आणि स्वतःला माळी. दर रविवारी रोपं सरांच्या गच्चीवर जमत. तिथं रोपांचं वाचन होई असं पत्रकात छापलेलं असे, पण बहुतेक वेळा माळीबुवाच आपल्या कविता वाचत आणि रोपं टाळ्या वाजवत. वर्षातून एकदा रोपांच्या कथांचं पुस्तक निघे. त्याच्या मुखपृष्ठावर सरांचा फोटो, खाली सरांचं नाव, आत सरांची प्रस्तावना आणि प्रस्तावनेत सरांचं बालपण. रोपांची नावं मागच्या पानावर असत, औषधाच्या बाटलीवर धोक्याची सूचना छापतात तेवढ्या अक्षरात.

यंदाच्या पुस्तकात सुरभीची गोष्ट पहिली येणार होती. म्हणून सर स्वतः बोरी अरबला आले. लेखकाची मुळं पाहायची त्यांना सवय होती, आणि मुळं साधारण जेवणाच्या वेळेला पाहावीत, हेही त्यांना ठाऊक होतं. विमलताईंनी रोडगे आणि वांग्याची भाजी केली. सरांनी तुपाची वाटी दोनदा पुढं केली. मग हात न धुताच साहित्याकडं वळले.

"विमलताई, पोरीच्या हातात कला आहे. पण कथेत वेदना नाही."

"नाई कशी?" विमलताई म्हणाल्या. "ओठाचं भजं झालतं. विचारा यायले."

"लय ठणकत होतं," वामनरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

सर हसले. शाळेत ढ मुलाचं उत्तर ऐकून हसतात तसे. "ती वेदना नव्हे हो. यवतमाळची कथा म्हटली, की पुण्या-मुंबईचा वाचक एक अपेक्षा घेऊन येतो. आता इथं बघा." त्यांनी वामनरावांकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कथेत आजोबा आहेत. कापसाचे शेतकरी आहेत. आणि शेवटपर्यंत जिवंतच राहतात."

"मग काय करावं त्यायनं?"

"प्रत्यक्षात शतायुषी होवोत! मी फक्त कथेतलं म्हणतोय. तो रुमाल आहे ना तोंडावरचा, विलक्षण प्रतिमा आहे. तो ठेवू. फक्त त्याखालचा माणूस—"

"मास्तर," विमलताईंनी भांडी गोळा करायला घेतली, "माह्या घरचं जेवून माह्याच नवऱ्याले मारून राह्यले का तुमी? अजून तूप हाये हाताले."

"ताई, ही कल्पना असते."

"मंग कल्पनेत तुमच्या घरचं कोणी मारा. आमचा बुढा कायले पाह्यजे?"

सुरभी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, चेहरा लालबुंद. सर उठले, हात धुतले, बडीशेप घेतली आणि जाता जाता तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "छाटणी झाल्याशिवाय रोप वाढत नसतं, बेटा." ते गेल्यावर विमलताईंनी नातीला एकच सांगितलं. "जशी हाये तशी छापली तं छाप. नाई तं राहू दे. गोष्ट काय नासून जाते?"

"हो आजी," सुरभी म्हणाली.

पण त्यानंतर पोरीचं वाचून दाखवणं बंद झालं. दारव्ह्याहून येई, जेवे आणि मोबाइलमध्ये तोंड घाली. विमलताईंनी एकदा विचारलं, "झाली का छापून?"

"झाली. थोडी सुधारली."

"सुधारली म्हंजे? बिमार होती का?"

"शुद्धलेखन गं आजी."

शुद्धलेखनाशी विमलताईंचं कधी भांडण नव्हतं, ओळखच नव्हती. खरं सांगायचं तर मनात पाल चुकचुकली होती. पण नातीचं नाव छापून येणार, आपण पहिल्या रांगेत बसणार, शेजारची तानाबाई हे सारं डोळ्यांनी पाहणार, या गोडीत त्यांनी त्या पालीला भिंतीवरच राहू दिलं. कार्यक्रमाच्या दिवशी ढाणकीचं जरीकाठाचं लुगडं नेसल्या. गोष्टीतलं लुगडं गोष्टीच्या प्रकाशनाला नको का?

दारव्ह्याच्या मंगल कार्यालयात सोहळा होता. मंचामागच्या फलकावर सर एवढे मोठे होते, की खरे सर त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर धाकटे भाऊ वाटले. लिहिणारी मुलं मंचावर नव्हतीच. ती कडेला ताटं धरून उभी होती. कोणाच्या ताटात शाली, कोणाच्या ताटात नारळ. सुरभीच्या हातात गुच्छ होते. मग सत्कार सुरू झाले. सरांनी पाहुण्यांना शाल घातली, पाहुण्यांनी सरांना घातली, अध्यक्षांनी दोघांना, दोघांनी अध्यक्षांना. तानाबाई कुजबुजली, "विमलताई, पोरीले कधी घालतात वो?"

"आधी ह्या बुढ्यायची थंडी जाऊ दे," विमलताई म्हणाल्या.

मग चमकत्या कागदात बांधलेली पुस्तकं आली. मान्यवरांनी फिती सोडल्या, पुस्तकं छातीशी धरली, फोटोवाल्याकडं पाहून हसले आणि पुस्तकं खाली ठेवली. उघडलं कोणीच नाही. पुस्तक उघडायला का आले होते? प्रकाशन करायला आले होते.

प्रमुख पाहुणे पुण्याचे, एका मोठ्या प्रकाशनाचे संपादक. त्यांनी गाडीत येता येता पहिली गोष्ट वाचली होती, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. ते माइकसमोर उभे राहिले आणि त्यांचा आवाज सुरुवातीपासूनच ओला होता.

"तो रुमाल," ते म्हणाले. "मित्रहो, तो रुमाल मी जन्मभर विसरणार नाही."

विमलताईंनी तानाबाईला कोपर मारलं. "माह्याच हाये रुमाल. निळ्या काठाचा."

"त्या आजीनं थरथरत्या हातांनी तो रुमाल आपल्या धन्याच्या चेहऱ्यावर बांधला."

"थरथरत्या कोणाच्या?" विमलताई पुटपुटल्या. त्यांचे हात उभ्या आयुष्यात थरथरले नव्हते. समोरच्याचे थरथरले होते.

"अंगावर फाटकं लुगडं. डोक्यावर सावकाराचं देणं. आणि समोर तो निश्चल चेहरा, कष्टाळू, सोशीक. कापसानं ज्याला पांढरं केलं आणि कापसानंच ज्याला गिळलं."

विमलताईंचा हात जरीकाठावर गेला आणि तिथंच थांबला. फाटकं लुगडं? देणं? त्यांनी आजवर शेजारणीकडून विरजणही मागून आणलं नव्हतं. मंचाच्या कडेला उभ्या सुरभीनं गुच्छांमागं तोंड लपवलं होतं. विमलताईंना सगळं एकदमच कळलं. चुकचुकलेली पाल थेट अंगावर पडली.

"प्रस्तावनेत सरांनी लिहिलंय, की लेखिकेनं हे स्वतः भोगलेलं आहे." पाहुण्यांनी चष्मा काढला. "तिचे ते आजोबा आज आपल्यात नाहीत. मी विनंती करतो, आपण सर्वांनी उभं राहून त्यांना दोन मिनिटं श्रद्धांजली वाहावी."

खुर्च्या सरकल्या. अख्खं सभागृह उठलं. आपल्याकडच्या माणसाला कोणीही, कधीही श्रद्धांजलीला उभं केलं तरी तो उभा राहतो, कोण गेलं हे मागाहून विचारतो. तानाबाई उठली. आणि सत्कारांपासून अर्धवट डुलक्या घेत असलेले वामनराव, सगळे उठले म्हणून तेही उठले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, टाचा जुळवल्या, मान खाली घातली. सगळ्या सभागृहात एवढ्या मनापासून कोणीच उभं नव्हतं.

विमलताई तेवढ्या बसून होत्या. त्यांनी मंचाकडं पाहिलं. चारुदत्त सरांची आणि त्यांची नजरानजर झाली. पहिल्या रांगेत कोण उभं आहे हे सरांना दिसत होतं. वामनरावांच्याच घरचं तूप सरांनी खाल्लं होतं. एक शब्द बोलायचा होता. सरांनी तो न बोलता मान आणखी खाली घातली.

वामनराव किंचित वाकले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं वो?"

"तुमी."

"आं?"

"तुमीच गेले. उभे राहा गपचूप, अजून झालं नाई."

वामनराव क्षणभर विचारात पडले. मग टोपी दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा मान खाली घातली.

विमलताई उठल्या त्या थेट मंचाच्या पायऱ्या चढल्या. कोणी अडवलं नाही. जरीकाठाची बाई तरातरा येताना दिसली, की आयोजकांना वाटतं, सत्काराचीच असेल. त्यांनी पाहुण्यांसमोरचा माइक आपल्याकडं वळवला.

"बसा सारे," त्या म्हणाल्या. "माणूस जित्ता हाये."

सभागृहानं डोळे उघडले.

"अवो, हात वर करा."

वामनरावांनी टोपीसकट हात वर केला. मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग हसू पाण्यासारखं पसरत पुढं आलं. पाहुणे एकदा वामनरावांकडं, एकदा विमलताईंच्या कपाळावरच्या कुंकवाकडं पाहत राहिले. वाचलेल्या गोष्टीत ते कुंकू नव्हतं.

सर लगबगीनं पुढं आले. "ताई, एक असतं वास्तव आणि एक असतं कलात्मक सत्य—"

"असन. पण तुमच्या कलात्मक मढ्याले खांदा द्याले माह्या माणसाले कायले उभं केलं? त्याच्याच मातीले तोच?" त्या सरांवर फार थांबल्या नाहीत. सर त्यांच्या हिशेबी संपले होते. त्या कडेला वळल्या. "सुरभी. इकडं ये. आबाजीले कोणं मारलं?"

सुरभी पुढं आली. "सरांनी लिहून दिलं."

"आन छापाले कोणं दिलं?"

पोरगी गप्प. माइक चालू होता, त्यामुळे तिचं गप्प बसणंही सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी दिलं," ती म्हणाली. "नाई तं पान देत नव्हते. मले वाटलं, नाव तरी येईन."

"नावासाठी आबाजी देऊन टाकला?"

विमलताईंचा आवाज या वाक्याला चढला नाही, उतरला. सभागृहातलं हसू कुठल्या कुठं गेलं. सुरभीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. तशीच उभी राहिली. विमलताईंनी तिच्या हातातले गुच्छ काढून सरांच्या हातात दिले आणि माइक तिच्याकडं फिरवला.

"रडून काय होते? मारलं तूनं, आता जित्तं कर. पहिल्यापासून सांग."

सुरभीनं एकदा नाक ओढलं. समोर कागद नव्हता. "माह्या आबाजीच्या मिशीले," ती म्हणाली आणि अडकली. मग तिनं पहिल्या रांगेकडं पाहिलं. वामनरावांनी तिला दिसावी म्हणून मिशीवरून बोट फिरवलं. "माह्या आबाजीच्या मिशीले गावात मान होता. त्यायनं ते काळी केली तवापासून नाई."

पुढची गोष्ट तिनं सांगितली तशी आधी कधी लिहिलीही नव्हती. रंगाची पुडी आली, भजं आलं, भुंकणारं कुत्रं आलं. बाहेर आलूबोंड्यांच्या रांगेत आधीच जाऊन उभे राहिलेले लोक प्लेटा घेऊन परत आत आले. व्याही रुसलेल्या मामाची समजूत काढायला आले, तेव्हा एका आजोबांच्या हातून बोंडा पडला. "आता मान हालवा" आलं आणि वामनरावांनी सभागृहात उठून मान हलवून दाखवली. त्या टाळ्या थांबेपर्यंत सुरभी नुसती उभी होती. तिला आता घाई नव्हती.

पाहुणे डोळे पुसत होते. मघाशीही तेच डोळे ओले होते, पण आता हसून हसून. त्यांनी खिशातून कार्ड काढलं. "मुली, ही मला दे. मी छापतो. पुण्याहून, आमच्या नावानं. फक्त—"

सुरभीचा हात कार्डाकडं गेला होता. "फक्त काय, सर?"

"एवढं हसवल्यावर शेवटी डोळ्यांत टचकन पाणी यायला हवं. मोठी कथा तशीच होते. आजोबा लगेच नकोत. पण कालांतरानं, शेवटच्या परिच्छेदात, अगदी हळुवारपणे..."

सुरभीनं आजीकडं पाहिलं. विमलताईंनी मुद्दाम तिकडं पाहिलं नाही. लुगड्याची जरीची किनार नखानं सारखी करत राहिल्या. त्या किनारीला काहीही झालेलं नव्हतं.

"नाही सर," सुरभी म्हणाली. "ते नाही मरणार."

पाहुण्यांनी मान डोलावली आणि कार्ड परत खिशात ठेवलं. सरांनी लगेच माइक ताब्यात घेतला. "पाहिलंत? हा निर्भीडपणा, हा ठामपणा, हेच आमच्या रोपवाटिकेचं संस्कारधन!" टाळ्या पडल्या. सरांनी त्या झेलल्या. हातात सुरभीचे गुच्छ होतेच.

परतीच्या गाडीत सुरभी खिडकीबाहेर पाहत होती. दोन्हीकडं कापसाची शेतं पळत होती आणि त्यांना बिचाऱ्यांना आपण प्रतिमा आहोत हे माहीत नव्हतं.

"आजी, आता कोणीच नाई छापणार."

"कोणीच म्हंजे? तो पत्रिका छापणारा लखन काय मेला? का त्यालेबी तुह्या सरनं मारलं?" विमलताई म्हणाल्या. "तुह्या भावाचं, नयनचं लग्न हाये ना? त्याच्या पत्रिकेसंगं घरोघरी गोष्ट देऊ. पत्रिका कोणी वाचत नाई, गोष्ट वाचतीन. वर तुह्यं नाव. प्रस्तावना नको आन कोणाचा फोटो नको."

"मिशीचा?" सुरभीनं विचारलं.

"मिशीचा चालीन."

सुरभी हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच. विमलताईंनी तिच्याकडं न पाहता तिच्या डोक्यावर टपली मारली, बऱ्यापैकी जोरात. मारायची बाकी होतीच.

वामनराव पुढच्या सीटवर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. बोरी जवळ आल्यावर ते मागं वळले.

"तू जराशी लवकरच उठली," ते म्हणाले.

"काहून?"

"तो पाहुना माह्याबद्दल किती चांगलं बोलून राह्यला होता. कष्टाळू म्हणे, सोशीक म्हणे. असं कोणी कधी बोललं नाई मले. अजून थोडं बोलू द्यायचं होतं त्याले."

विमलताईंनी पदर सारखा केला.

"घरी चाला," त्या म्हणाल्या. "राह्यलेलं मी बोलते."